मासा जिवंत आहे, एवढे पुरेसे नाही

गेली सहा वर्षे मी रोज सकाळी न्याहारीनंतर एस्सिटालोप्रामची एक गोळी घेतो. नैराश्यावरचे हे औषध आपल्याकडे सर्रास लिहून दिले जाते. वर्तमानपत्राच्या स्तंभात ही कबुली देताना संकोच वाटत नाही असे नाही. पण ज्या विषयावर आज लिहायचे आहे, त्यात स्वतःला बाजूला ठेवून इतरांकडे बोट दाखवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. गेल्या वर्षी डॉक्टरांनी माझी मात्रा कमी केली आणि जुन्या मात्रेच्या अडीच पट्ट्या घरात उरल्या. औषधाच्या दुकानात विचारले, तर दुकानदार म्हणाला, ‘टाका कचऱ्यात, नाहीतर संडासात टाकून पाणी सोडा.’ त्याला मी दोष देत नाही. परत आलेले औषध ठेवून घेण्याची सोय त्याच्याकडे नव्हती आणि दुसरीकडे कुठे ती आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. मात्र त्याच्या उत्तरामुळे एक प्रश्न मनात रुतून बसला. माझ्या हातातून सुटलेली गोळी पुढे कुठे जाते?

फेकून दिलेली गोळी हा या प्रश्नाचा लहानसा भाग झाला. गिळलेल्या गोळीचाही काही अंश शरीराबाहेर पडतोच. व्हेनलाफॅक्सिन या नैराश्यविरोधी औषधाचे उदाहरण घेऊ. त्याच्या मात्रेपैकी सुमारे ५ टक्के औषध मूळ स्वरूपातच लघवीवाटे बाहेर येते आणि सुमारे २९ टक्के डेसव्हेनलाफॅक्सिन या रूपात येते. हे दुसरे रूपही निष्प्रभ नसते. त्याच नावाने ते स्वतंत्र औषध म्हणून बाजारात विकले जाते. आपली मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे सेंद्रिय घाण आणि गाळ काढण्यासाठी बांधलेली आहेत, मेंदूवर काम करणारे रेणू पकडण्यासाठी नव्हे. त्यामुळे जगभरच्या नद्यांत ही औषधे सापडतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १०४ देशांतील २५८ नद्यांचे पाणी तपासले गेले. त्यात नमुना घेतलेल्या ठिकाणांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक ठिकाणी किमान एका औषधी द्रव्याचे प्रमाण जलचरांसाठी सुरक्षित मानल्या जाणाऱ्या मर्यादेपलीकडे होते.

माणसाच्या मनासाठी बनवलेल्या औषधाने माशाला काय होणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ही औषधे ज्या सेरोटोनिन नावाच्या रसायनावर काम करतात, ते उत्क्रांतीच्या इतिहासात फार जुने आहे. मासे, शिंपले, गोगलगायी, खेकडे या साऱ्यांच्या शरीरात ते आहे आणि भूक, भय, समागम, आक्रमकता यांचे नियमन करण्यात त्याचा वाटा आहे. शिंपल्यांमध्ये तर अंडी व शुक्राणू पाण्यात सोडण्याची क्रियाच सेरोटोनिनच्या इशाऱ्यावर घडते. माणसाच्या मेंदूत जी कळ दाबण्यासाठी आपण रेणू घडवला, तीच कळ नदीच्या तळाशीही आहे.

त्याचे परिणाम कसे दिसतात? गप्पी मासे आपल्या ओळखीचे आहेत. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून नगरपालिकांचे हिवताप विभाग वर्षानुवर्षे विहिरींत, डबक्यांत आणि गटारांत ते सोडत आले आहेत. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी याच माशांच्या सुमारे १५ पिढ्या, पाच वर्षे, फ्लुऑक्सेटिन मिसळलेल्या पाण्यात वाढवल्या. औषधाचे प्रमाण नद्यांत आढळते तेवढेच ठेवले होते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, औषधाच्या अगदी कमी प्रमाणातही नरांची शारीरिक स्थिती खालावली आणि त्यांच्या शुक्राणूंचा वेग मंदावला. त्याच गटाच्या आधीच्या एका अभ्यासात आणखी सूक्ष्म बाब समोर आली होती. औषधाच्या पाण्यात वाढलेल्या गप्पींमध्ये एका माशाचे वागणे दुसऱ्यापेक्षा वेगळे असण्याचे प्रमाण घटले होते. काही धीट, काही भित्रे, काही चपळ, काही संथ, असे वैविध्य असते म्हणून बदलत्या परिस्थितीत कोणीतरी तगून राहते. ते वैविध्यच पुसट झाले होते.

स्वीडनमधील उमिओ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये चिंतानाशक ऑक्साझेपामचा पर्च माशांवर प्रयोग केला. लिटरमागे केवळ १.८ मायक्रोग्रॅम औषध असलेल्या पाण्यात हे मासे अधिक धीट झाले, थव्यापासून दूर राहू लागले आणि अधाशीपणे खाऊ लागले. अमेरिकेतील एका प्रयोगात सिटालोप्राम मिसळलेल्या पाण्यातील क्रेफिश आपल्या बिळातून लवकर बाहेर पडू लागले आणि खाण्यात अधिक वेळ घालवू लागले. लपणे हेच ज्याचे संरक्षण, त्याने लपणे सोडले तर त्याचे काय होईल, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

परिणाम नेहमी हानीच्याच रूपात दिसतो असेही नाही. २०२५ मध्ये स्वीडनच्याच दाल नदीतील एका अभ्यासात क्लोबाझाम दिलेली सॅमनची पिल्ले जलविद्युत धरणे अधिक वेगाने ओलांडून गेली आणि समुद्रापर्यंत पोहोचलेल्यांत त्यांचे प्रमाण जास्त भरले. वरवर पाहता हे यशच. पण थव्यात राहण्याची सवय सुटलेला आणि धोक्याचे भान कमी झालेला मासा समुद्रात किती काळ टिकेल, हा प्रश्न उरतो आणि संशोधकांनी तो उपस्थित केला आहे. या सर्व अभ्यासांत एक गोष्ट समान आहे. मासे मेले नाहीत. ते बदलले.

इथेच आपल्या कायद्याची दृष्टी तोकडी पडते. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ मधील सांडपाण्याच्या मानकांत ‘जैव-चाचणी’ नावाची एक अट आहे. सौम्य न केलेल्या सांडपाण्यात मासे ठेवायचे आणि ९६ तासांनी त्यांपैकी ९० टक्के जिवंत असले, तर पाणी उत्तीर्ण. ज्या काळात कारखान्यांतून उघडउघड विष वाहत होते, त्या काळात ही अट निरर्थक नव्हती, आजही नाही. पण ती विचारते ती एकच गोष्ट. मासा जिवंत आहे का? तो शत्रूला पाहून पळतो का, त्याला पिल्ले होतील का, तो थव्यात राहील का, हे ती विचारत नाही. नैराश्यविरोधी औषधांनी भरलेल्या पाण्यातला मासा ही परीक्षा सहज उत्तीर्ण होऊ शकतो.

मृतदेह मोजून धोका ओळखण्याच्या सवयीची किंमत या देशाने एकदा मोजली आहे. नव्वदच्या दशकात गिधाडे नाहीशी होऊ लागली. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे ती मरतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तोवर उशीर झाला होता. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. बंदीनंतरही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये कुपीचा आकार ३ मिलिलिटरवर आणावा लागला. मुंबईत डुंगरवाडीवरच्या पारशी समाजाला गिधाडांच्या अभावी अंत्यविधीच्या प्रथेतच बदल करावे लागले. गिधाडांअभावी कुजणारी जनावरे, वाढलेली भटकी कुत्री आणि दूषित पाणी यांमुळे २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा मानवी मृत्यू झाले असावेत, असा अर्थशास्त्रज्ञ एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांचा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. गिधाडांच्या बाबतीत निदान मृतदेह तरी होते. त्यांचे विच्छेदन करून कारण शोधता आले. ज्या माशाचे फक्त वागणे बदलते, तो असा पुरावाही मागे ठेवणार नाही.

युरोप-अमेरिकेत हा प्रामुख्याने घरगुती मैलापाण्याचा प्रश्न आहे. भारतात त्याला आणखी एक बाजू आहे, कारण जगाची औषधे आपण बनवतो. हैदराबादजवळचे पटानचेरू हे त्याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण. तेथील सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या सामायिक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारे, म्हणजे ‘शुद्ध’ केलेले पाणी योआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे जगभर गाजले ते सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकामुळे. त्याचे प्रमाण लिटरमागे ३१,००० मायक्रोग्रॅमपर्यंत होते. पण त्याच तक्त्यात खाली आणखी एक नाव होते, ज्याची चर्चा फारशी झाली नाही. सिटालोप्राम, लिटरमागे ७७० ते ८४० मायक्रोग्रॅम. मी रोज घेतो ती गोळी याच रेणूच्या दोन रूपांपैकी एक आहे. औषधे वेगळी आणि प्रयोग वेगळे, त्यामुळे थेट तुलना योग्य नाही. तरीही स्वीडनच्या पर्चला बेफिकीर करायला ऑक्साझेपामचे दोन मायक्रोग्रॅमही लागले नव्हते, हे लक्षात ठेवावे. याच पाण्याचा दुसऱ्या एका प्रयोगात उपयोग केला गेला तेव्हा, पाचशेपट पातळ केल्यावरही त्यात वाढणाऱ्या बेडकाच्या पिल्लांची वाढ ४० टक्क्यांनी खुंटली.

हे पाणी इसकवागू आणि नक्कवागू या ओढ्यांतून मांजरा नदीला मिळत असे. मांजरा आपलीच. ती बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते आणि लातूरची तहान भागवत कर्नाटकातून तेलंगणात जाते. पटानचेरूचे ओढे तिला मिळतात ते त्यापुढे. नंतर ती वळसा घेऊन महाराष्ट्राच्या सीमेवर गोदावरीत विसर्जित होते. पुढे प्रक्रिया केंद्राचे पाणी १८ किलोमीटर लांबीच्या नळातून हैदराबाद शहरात अंबरपेठच्या मैलापाणी केंद्राकडे वळवण्यात आले. ते केंद्र मुसी नदीकाठी आहे आणि मुसी कृष्णेला मिळते. म्हणजे गोदावरी खोऱ्याची अडचण कृष्णा खोऱ्याकडे सोपवली गेली. नळाने रेणूंचा पत्ता बदलतो, रेणू नाहीसे होत नाहीत.

सरकारला हे ठाऊक नाही, असे म्हणता येणार नाही. जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी नव्या मानकांचा मसुदा काढला. त्यात १२१ प्रतिजैविकांच्या अवशेषांवर मर्यादा प्रस्तावित होत्या. जगात कुठल्याही देशाने तोवर इतके धाडस दाखवले नव्हते. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना आली तेव्हा त्या मर्यादा गायब होत्या. नैराश्यविरोधी, चिंतानाशक किंवा अपस्मारावरील औषधांचा विचार तर मसुद्यातही नव्हता.

दरम्यान युरोपने मार्ग आखला आहे. १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या युरोपीय संघाच्या नव्या मैलापाणी निर्देशानुसार मोठ्या शहरांच्या केंद्रांना २०४५ पर्यंत सूक्ष्म प्रदूषके काढणारा चौथा टप्पा टप्प्याटप्प्याने बसवायचा आहे. त्याच्या खर्चाचा किमान ८० टक्के भार औषध आणि सौंदर्यप्रसाधनांच्या उत्पादकांवर आहे. केंद्र नीट चालते की नाही हे ठरवण्यासाठी १२ सूचक द्रव्ये निवडली आहेत आणि त्यांत सिटालोप्राम व व्हेनलाफॅक्सिन ही दोन्ही नैराश्यविरोधी औषधे आहेत. स्वित्झर्लंडने हे काम २०१६ पासूनच सुरू केले असून त्यासाठी माणशी वर्षाला कमाल नऊ फ्रँक आकारले जातात.

आपण ही यंत्रणा जशीच्या तशी उचलावी, असे मी म्हणत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ मधील अहवालानुसार देशातील शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होते आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते ती केवळ २०,२३६ दशलक्ष लिटरवर. जिथे पहिला आणि दुसरा टप्पा नाही, तिथे ओझोन आणि सक्रिय कार्बनच्या चौथ्या टप्प्याची भाषा पोकळ ठरते. शहरी मैलापाण्याच्या बाबतीत आपले पहिले काम जुनेच आहे. गटारे जोडा आणि बांधलेली केंद्रे चालवा. साध्या जैविक प्रक्रियेतही या औषधांचा काही भाग कमी होतो.

त्याआधी एक धोक्याची सूचना द्यायला हवी, कारण हा विषय चुकीच्या हाती सहज जाऊ शकतो. ‘बघा, नैराश्याच्या गोळ्यांनी नद्यासुद्धा बिघडल्या’ असा निष्कर्ष काढणारे उद्या भेटतील. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, विविध मानसिक विकारांत उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आहे. या देशात नैराश्यावरची औषधे फार घेतली जातात हे खरे नाही. ज्यांना ती हवीत त्यांतील बहुतेकांपर्यंत ती पोहोचलेलीच नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराचा हक्क दिला, २०२२ मध्ये टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू झाली. हे प्रयत्न यशस्वी झाले तर गोळ्यांचा खप वाढेल आणि तो वाढायलाच हवा. माझी गोळी मी पर्च माशासाठी थांबवणार नाही. वाचकांपैकी जे कोणी अशी गोळी घेत असतील, त्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती थांबवू नये. नदी आणि रुग्ण यांना एकमेकांसमोर उभे करणे हा धोरणाचा आळस आहे. खप वाढणार हे माहीत असताना तयारी न करणे, ही त्याची पुढची पायरी.

मग करायचे काय? सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक जागा कारखान्याच्या नळाच्या तोंडाशी आहे. शहराच्या मैलापाण्यात औषध लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये पसरलेले असते, कारखान्याच्या सांडपाण्यात ते शेकडो-हजारो पटींनी दाट असते. ते तिथेच अडवणे सोपे, नदीत विरघळल्यावर जवळपास अशक्य. त्यासाठी २०२० च्या मसुद्यातील मर्यादा परत आणाव्यात आणि त्यांची कक्षा मेंदूवर काम करणाऱ्या औषधांपर्यंत वाढवावी. उद्योगाचा आक्षेप ठरलेला आहे. खर्च वाढेल आणि स्पर्धेत आपण मागे पडू. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही, कारण स्वस्त भारतीय औषधांवर गरीब देशांतील कोट्यवधी रुग्ण अवलंबून आहेत. पण सरकार या उद्योगाला आधीच मदत करत आहे. गुजरात, हिमाचल प्रदेश आणि आंध्र प्रदेशात उभ्या राहणाऱ्या तीन बल्क ड्रग पार्कसाठी केंद्राने ३,००० कोटी रुपयांची योजना आखली आहे. सामायिक सांडपाणी प्रक्रिया हा त्या योजनेचाच भाग आहे. मग त्या पैशाला एक अट का नसावी? प्रत्येक पार्कच्या शेवटच्या नळावर तेथे बनणाऱ्या औषधांचे अवशेष मोजावेत आणि आकडे लोकांसाठी खुले ठेवावेत.

दुसरे काम मोजमापाचे. देशातील नद्यांच्या गुणवत्ता तपासणीत आम्लता, विरघळलेला प्राणवायू, सेंद्रिय भार, जिवाणू हे नित्याचे निकष आहेत. सर्वच ठिकाणी महागड्या चाचण्या कराव्यात, असे कोणी म्हणणार नाही. औषधनिर्मितीच्या पट्ट्यांखाली आणि महानगरांखाली मोजकी ठिकाणे निवडून सिटालोप्राम, व्हेनलाफॅक्सिन, कार्बामाझेपिन, डायक्लोफेनॅक अशी पाच-सहा सूचक द्रव्ये वर्षातून काही वेळा तपासली, तरी पहिले राष्ट्रीय चित्र हाती येईल. सोबत ९६ तासांच्या चाचणीला वाढ आणि प्रजननाच्या निकषांची जोड द्यावी. देशाच्या मत्स्योत्पादनाचा सुमारे तीन चतुर्थांश वाटा आज गोड्या व निमखाऱ्या पाण्यातून येतो. माशांच्या प्रजननाची चिंता ही केवळ निसर्गप्रेमींची चिंता राहिलेली नाही.

तिसरे काम माझ्या अडीच पट्ट्यांचे. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने मे २०२५ मध्ये औषधांच्या विल्हेवाटीबाबत मार्गदर्शिका काढली. तिच्यात १७ औषधे संडासात टाकून पाणी सोडावे, असे सांगितले आहे. त्यांत डायझेपाम आहे, म्हणजे स्वीडनच्या पर्चला बदलणाऱ्या ऑक्साझेपामच्याच कुळातले औषध. अफूजन्य औषधे चुकून मुलांच्या हाती पडू नयेत किंवा त्यांचा गैरवापर होऊ नये, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण तो सल्ला परत घेण्याची सोय नसलेल्या घरासाठीचा आहे. खरा उपाय ती सोय उभी करणे हा आहे. केरळच्या औषध नियंत्रण विभागाने २०२५ मध्ये कोझिकोडमध्ये घरोघरची न वापरलेली औषधे गोळा करण्याचा प्रयोग सुरू केला. इतर राज्यांना तो पाहून शिकता येईल. महाराष्ट्रात औषधविक्रेत्यांचे जाळे गावोगाव आहे. परत आलेली औषधे नेण्याचा आणि जाळण्याचा खर्च उत्पादकांनी उचलावा, असा नियम झाला तर दुकानदाराला माझ्यासारख्या गिऱ्हाईकाला द्यायला दुसरे उत्तर मिळेल.

त्या अडीच पट्ट्या अजून माझ्या टेबलाच्या खणात आहेत. घरात औषधे साठवणे बरे नव्हे, हे मला कळते. त्या कचऱ्यात टाकाव्यात तर तिथून त्या कचराभूमीवर जातील, पाऊस पडला की तिथले पाणी पुन्हा कुठल्या तरी ओढ्यात उतरेल. माझ्यापुरता हा प्रश्न एका खणाचा आहे. ज्यांच्या हाती अधिसूचना काढण्याचा अधिकार आहे, त्यांच्यापुरता तो २०२१ मध्ये खोडलेल्या एका तक्त्याचा आहे. तो तक्ता पुन्हा लिहायला नवे संशोधन लागत नाही आणि गिधाडांच्या वेळी होते तसे मृतदेहांचे ढीग साचण्याची वाट पाहण्याचीही गरज नाही.